मोंतोने गावी आपला यशवंत



माणगावच्या बाजाराला तुम्ही कधी गेला असाल, तर एका जवानाचा पुतळा तुम्ही पाहिला असेल. लहानपणी वडिलांचा बाजार उरकेपर्यंत मी त्याच्या सावलीत बसून शेंगा खात असे. हा कोण, कशासाठी उभा आहे, हे मात्र मी कधी विचारले नाही.

तो नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा शेतकऱ्याचा पोर. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तो पडला. वय अवघे २२. गेल्या उन्हाळ्यात नोकरीनिमित्त तिकडे असलेल्या मुलाकडे मी गेलो, तेव्हा त्याला म्हटले, "रोम मागाहून दाखव. आधी त्या खोऱ्यातले मोंतोने दाखव."

पेरूजा शहराकडून गाडी निघाली. वाटेत सूर्यफुलाची आणि तंबाखूची शेते, उतारावर ऑलिव्हची झाडे. मग वळणे घेत चढण लागली आणि टेकडीच्या माथ्यावर, जुन्या तटबंदीच्या आत, दगडी घरांचे गाव दिसले. वस्ती साधारण दीड हजार. इटालियन भाषेत मोंतोने म्हणजे मेंढा! इटलीतल्या सर्वांत सुंदर गावांच्या यादीत आज त्याचे नाव आहे.

या गावचा जुना वीर म्हणजे ब्राच्चो. १३६८ साली जन्मलेला हा सरदार भाडोत्री फौज घेऊन लढे. जो पैका देईल त्याची लढाई. पुढे तो पेरूजाचा धनी झाला आणि १४२४ साली लढाईत झालेल्या जखमेने गेला. त्याचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत होता. येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून मानला जाणारा एक काटा त्याला तिथे मिळाला आणि १४७३ साली तो गावात आला. त्याचा उत्सव दर ऑगस्टात भरतो. गावाच्या तीन आळ्या जुने पोशाख घालून तिरंदाजीत चढाओढ करतात. आपल्या जत्रेतली ईर्षा आठवावी, तशी!

संत फ्रान्सिसच्या जुन्या देवळात १४८२ सालचे एक चित्र आहे. त्या काळी प्लेगची मोठी धास्ती. चित्रात मेरीमातेने आपला झगा पसरून गावकऱ्यांना पोटाशी घेतले आहे, आणि खाली हेच मोंतोने गाव रंगवले आहे. आपण नाही का म्हणत, ग्रामदेवतेच्या पदराखाली गाव आहे?

देखणे गाव पाहून वाटेल, इथे सदाच सुख असेल. तसे नाही. या मुलखातले बहुतेक शेतकरी अर्धेलीने जमीन कसत. राबायचे कुळाने आणि पिकाचा निम्मा वाटा मालकाच्या घरी. आपल्या कोकणात खोती १९४९ च्या कायद्याने गेली. तिथे अर्धेलीचे नवे करार बंद व्हायला १९६४ साल उजाडले. तोवर पुष्कळ तरुण शहराकडे निघून गेले होते. रिकाम्या पडलेल्या कित्येक शेतघरांत आता पाहुणे उतरतात.

आपले जवान तिथे लढले ते याच कुळांच्या रानांतून. त्या दिवशी शत्रूच्या मशीनगनने यशवंतची सारी तुकडी गारद केली. तो एकटा उरला. तरी तो पुढे धावला, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. गोळ्या भरायला सवड नव्हती, म्हणून उरलेल्या दोघांना त्याने बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. इतक्यात लपलेल्या नेमबाजाची गोळी त्याला लागली. सरकारने व्हिक्टोरिया क्रॉस दिला. तो घ्यायला त्याची विधवा पत्नी लक्ष्मीबाई उभी राहिली.

२०२३ साली मोंतोनेने यशवंतच्या नावाने स्मारक उभारले. ते छायाघड्याळ आहे. त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. मी तिथे उभा राहिलो आणि खरे सांगतो, मला यशवंतच्या आधी माझी धाकटी आजी आठवली. माझा चुलतआजोबाही त्याच युद्धात गेला होता. बेपत्ता झाल्याची तेवढी तार आली. कुठल्या मुलखात, ते घरात कोणी धड लिहून ठेवले नाही. आजीने मरेपर्यंत कुंकू पुसले नाही. तिची पत्र्याची ट्रंक आम्ही पुढे बियाणे ठेवायला वापरली. आतले कागद कुठे गेले, कोणास ठाऊक.

इटलीच्या मोहिमेत अखंड हिंदुस्थानचे ५,७८२ जवान कामी आले. राज्य परक्याचे, लढाई परक्याची, पण पोरे आपली होती. परक्या गावाने त्यांतल्या एकाचे नाव दगडावर कोरले, आणि आम्हांला घरच्या माणसाचे कागदही सांभाळता आले नाहीत.

परत आल्यावर नातवाला घेऊन माणगावला गेलो. पुतळ्यापाशी थांबून सारी हकिगत त्याला सांगितली. तुमच्याही माळ्यावर एखादी जुनी ट्रंक असेल. उंदीर-वाळवी लागण्याआधी ती एकदा उघडा, आणि घरात कोणी म्हातारे असेल तर त्यांना जवळ बसवून उघडा.