कोंबड्याचा खटला

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आमची आजी म्हणायची. हल्ली कोंबडं झाकायला लोक वकील करतात!

फ्रान्समधल्या ओलेराँ बेटावर मोरीस नावाचा एक कोंबडा पहाटे आरवायचा. शेजारी सुट्टीपुरते येणारे पेन्शनर. ते म्हणाले, ही शहरी वस्ती. इथे आरवणं चालणार नाही. मालकीणबाई म्हणाल्या, छे, हे तर खेडं! म्हणजे कोंबडा राहिला बाजूला, वाद पेटला गाव की शहर याचा. २०१९ च्या सप्टेंबरात रोशफोरच्या कोर्टानं मोरीसला आरवायची मोकळीक दिली, वर फिर्यादींनाच एक हजार युरो भरायला लावले. जानेवारी २०२१ मध्ये तर खेड्यातले आवाज नि वास हा देशाचा वारसा ठरवणारा कायदाच झाला. मोरीस मात्र २०२० मध्येच गेला होता. आमच्या बँकेतही वारसाचे कागद खातेदार गेल्यावरच हलतात म्हणा!

कायद्यानं कोंबड्याचा प्रश्न सोडवला. पण दुसऱ्या दिवशी कुंपणाशी समोरासमोर आल्यावर शेजाऱ्यांनी एकमेकांशी काय बोलायचं, त्याचं कलम काही कुठल्या पुस्तकात सापडत नाही.