दुसरी लेन्स

आमचे येथें कॅमेरा आला तो २०१७ सालीं, आमची पन्नाशी उलटल्यावर. निकॉनचा डी-३४०० आणि त्याजबरोबर मिळणारी १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स, एवढाच काय तो आमचा संसार. पहिले सहा महिने आम्हीं गच्चीवरचीं फुलझाडें, दारांतली मांजर व शेजाऱ्यांचीं मुलें यांचीं शेंकडों चित्रें घेतलीं व त्यांत समाधान मानिलें. पुढें 'आतां आणखी एक लेन्स हवी' हा जो विचार प्रत्येक नवशिक्याच्या मनांत केव्हां तरी शिरतो, तो आमच्याहि मनांत शिरला.

आमच्या भाच्याचें मत ७० ते ३०० मिलिमीटरच्या लांब पल्ल्याच्या लेन्सकडे झुकलें होतें. "मामा, आपण भिगवणला जाऊं. रोहित पक्षी अगदीं अंगणांत उतरल्यासारखे दिसतील," असें तो म्हणे, आणि त्याच्या बोलण्यानें आमचें मन विरघळे हें कबूल केलें पाहिजे. उजनी धरणाच्या पाण्यावर हिंवाळ्यांत उतरणारे ते गुलाबी थवे कोणास नको आहेत? पण पगारी माणसाच्या खिशास एकच लेन्स झेपत होती, आणि आमची खरी अडचण पक्ष्यांची नव्हतीच.

आमच्या मातुःश्री त्या वेळीं ८४ वर्षांच्या होत्या. पहांटे माजघरांत समईजवळ बसून त्या वाती वळीत. त्यांचें तसें एक चित्र असावें, अशी आमची फार इच्छा. तीर्थरूप १९९८ सालीं गेले. त्यांचें धड असें एकहि चित्र आम्हांजवळ नाहीं. एका लग्नाच्या समूहचित्रांत मागच्या रांगेंत त्यांचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो, व तोहि कोणाच्या फेट्याआड अर्धा झांकलेला. मातुःश्रींच्या बाबतींत तसें होऊं नये एवढें आम्हीं मनाशीं धरिलें होतें. मात्र त्यांस फ्लॅश सोसत नसे, आणि फ्लॅशवांचून घेतलेल्या प्रत्येक चित्रांत चेहरा कसाबसा उमटे, पण हातांच्या जागीं नुसतें धुकें.

कारण साधें होतें, पण तें कळावयास आम्हांस बराच काळ लागला. लेन्सच्या छिद्राचा आंकडा जितका लहान, तितकें छिद्र मोठें. आमची लेन्स ५५ मिलिमीटरवर नेली म्हणजे तिचें छिद्र ५.६ च्या पलीकडे उघडत नसे, १.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दसपट उजेड आंत घेते. ज्या उजेडांत पहिलीस सेकंदाचा आठवा हिस्सा लागतो, तेथें दुसरीस ऐंशीवा पुरतो. आठव्या हिश्शांत वात वळणारा हात बराच हलून जातो. ऐंशीव्यांत तो थांबल्यासारखा भासतो. भाच्यानें सुचविलेली लेन्स तर ३०० वर ६.३ पर्यंतच उघडणारी, म्हणजे माजघराच्या दृष्टीनें पहिलीहूनहि आंधळी. रोहित पक्षी येथें हरले.

आतां १.८ मध्येंहि ५० मिलिमीटरची घ्यावी कीं ३५ ची? जिकडेतिकडे ५० चीच स्तुति ऐकूं येई. ती स्वस्त, हलकी व चेहऱ्यास साजेशी असते हें खरेंच. परंतु आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून दीडपटीनें लहान, त्यामुळें तींत ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. दहा फुटांवरून तिच्यांत जेमतेम पावणेपांच फूट रुंदीचें दृश्य मावतें, ३५ च्या लेन्समध्यें पावणेसात फूट. आमचें माजघरच मुळीं अकरा फुटांचें! तरीहि खात्री व्हावी म्हणून एक बिनपैशाची युक्ति केली. जुन्या लेन्सचें कडें ५० वर फिरवून त्यास चिकटपट्टी लावली आणि आठवडाभर तसेंच वावरलों; पुढच्या आठवड्यांत ३५ वर. पैसे मोजण्यापूर्वीं प्रत्येकानें एवढें करून पाहावेंच. पहिल्या आठवड्यांत आमची पाठ सारखी भिंतीस टेकत होती.

मग मुंबईच्या बोरा बाजारांत वापरलेल्या लेन्स पाहावयास गेलों. एका दुकानदारानें, ३५ ची मागत असतांहि, जुन्या 'डी' बनावटीची ५० ची लेन्स अगदीं थोडक्यांत देऊं केली व ती आमच्या कॅमेऱ्यास हमखास चालते असें शपथेवर सांगितलें. बसली खरी, पण त्या बनावटीच्या लेन्समध्यें फोकस फिरविणारी मोटर नसते, आणि आमच्या धाकट्या कॅमेऱ्यांतहि ती नाहीं. सारा फोकस हातानें करावा लागला असता. तेथेंच लावून पाहिली म्हणून आम्ही वांचलों. अखेर दुसऱ्या दुकानांत 'एएफ-एस' हीं अक्षरें असलेली ३५ ची लेन्स साडेसात हजारांस घेतली, तीहि मोबाइलच्या दिव्याचा झोत आरपार धरून, आंत बुरशीचे तंतु नाहींत ना, हें निरखून. आपल्याकडील पावसाळी हवेंत ते कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात व अखेरीस कांचेवर कायमचे डाग पाडतात.

पहिल्या पहांटे मोठ्या उत्साहानें छिद्र १.८ वर उघडून तीन फुटांवरून चित्र घेतलें. वात स्पष्ट, मातुःश्री अस्पष्ट! इतक्या जवळून जेमतेम दोन इंचांची खोलीच नीट उमटते, हें तेव्हां समजलें. दुसऱ्या दिवशीं पांच फुटांवर सरकलों, हात व चेहरा सारख्याच अंतरावर येतील असे बाजूला बसलों, छिद्र २.८ केलें, आयएसओ दुप्पट केला. शटर सेकंदाच्या साठाव्या हिश्शावर आलें. चित्र थोडें दाणेदार आलें, पण बोटांवरल्या शिरादेखील त्यांत दिसतात. मातुःश्री २०२१ सालीं गेल्या. तें चित्र माजघरांतच लावलें आहे.

त्या पहांटे आम्ही तें कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवावयास गेलों, तर त्यांनीं वर पाहिलेंसुद्धां नाहीं. "झालं का रे तुझं? त्या तुझ्या खटखटीनं माझी मोजणी चुकली," असें म्हणून त्यांनीं पुढ्यांतलें जुडगें सोडलें आणि वाती पुन्हां पहिल्यापासून मोजावयास घेतल्या.