जुहूच्या आकाशातली वळलेली टोकं

मुलांनो, जुहूच्या चौपाटीवर तुम्ही भेळ खाल्ली असेल. पण जवळचाच छोटा विमानतळ पाहिलाय का? तो १९२८ सालचा. आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरं उतरतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी मात्र कराचीहून टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटा इथेच उतरले. वाटेत अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोल आलं होतं, तेही चक्क बैलगाडीतून!

त्यांचं विमान होतं ‘पुस मॉथ’. त्याचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर, छपरासारखे. आज अनेक विद्यार्थी ज्यावर उडायला शिकतात, ते सेसना १७२ सुद्धा तसंच. दोघांच्याही पंखांची लांबी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुमारे ११ मीटर. आणि दोघांचीही टोकं साधी!

आता मान वर करा. सांताक्रूझहून उडून समुद्राकडे निघालेलं जेट विमान दिसलं? त्याच्या पंखांची टोकं बहुधा वर वळलेली असतील. त्यांना म्हणतात विंगलेट.

ती कशासाठी? उडताना पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. मग टोकाशी खालची हवा वर निसटते, भोवरा होतो आणि विमान मागे ओढलं जातं. विंगलेट हा भोवरा दुबळा करतं. ‘नासा’चे रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९७० च्या दशकात यावर काम केलं. १९७९-८० मध्ये एका मोठ्या जेटवर चाचण्या झाल्या, तेव्हा इंधनात सहा-सात टक्के बचत दिसली. घारही घिरट्या घालताना टोकाची पिसं बोटांसारखी फाकवते, बरं का!

मग छोट्या विमानालाही लावू या की! थांबा, आधी हिशेब करू. वेग दुप्पट झाला, की भोवऱ्याची ओढ चौथाई होते. पण अंगाला घासणाऱ्या हवेची ओढ चौपट होते. छोटं विमान कमी उंचीवर भरधाव जात असेल, तर भोवऱ्याचा वाटा थोडाच. उलट विंगलेटचं वजन वाढतं आणि तेही हवेला घासतं. एका हाताने मिळवलं, दुसऱ्या हाताने गेलं! पंख वर असोत की खाली, हा हिशेब फारसा बदलत नाही.

पण भर उन्हाळ्यात, डोंगरातल्या आखूड धावपट्टीवरून भरलेलं विमान हळूहळू वर चढतंय असं समजा. वेग कमी, ओझं जास्त. इथे भोवरा जोरात असतो. पुढे झाडं असली, तर चढण्यातली थोडीशी मदतही मोलाची!

म्हणजे उत्तर एकच नाही. विमान कुठे, कसं उडणार हे आधी विचारायचं. नुसतं ऐटबाज दिसतं म्हणून लावायचं नाही. आई-बाबांकडे नव्या सायकलचा हट्ट धरताना हा हिशेब आठवेल ना?