वायफाय कार्डाचं कोणीच काहून विचारत नाही?

राजेहो, बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्यात लॅपटॉपची खरेदी सुरू होते. पत्रकाराला सगळंच माहीत असतं असा आपल्याकडे समज असल्यामुळे या दिवसांत मला रोज एखाद्या पालकाचा फोन असतोच. प्रश्न ठरलेले. आय-फाइव्ह घेऊ की रायझन? आठ जीबी रॅम पुरते का? बॅग फुकट भेटते का? वायफाय कार्ड कोणतं आहे, हे आजवर एकानेही विचारलं नाही. दुकानात मी विचारलं तर उत्तर येतं, "भाऊ, वायफाय तं सगळ्याइलेच असते."

असतं ना. टायर पण सगळ्याच गाड्यांना असतात.

पन्नास हजारांचा लॅपटॉप आपल्याकडे कापूस-सोयाबीनच्या पैशातून किंवा हप्त्यावर येतो. आणि स्वस्त मॉडेलमध्ये कंपनी जिथे गुपचूप पैसे वाचवते त्यातली एक जागा म्हणजे हे पोस्टाच्या तिकिटाएवढं कार्ड. माहितीपत्रकात बारीक अक्षरात '८०२.११एसी, १×१' असं लिहिलेलं दिसलं तर समजा, एकाच अँटेनाचं जुनं वायफाय ५ आहे. कागदावरचा वेग ४३३ एमबीपीएस. '२×२' म्हणजे दोन अँटेना, वेग दुप्पट, ८६७. वायफाय ६ मध्ये दोन अँटेनांवर १२०१. प्रत्यक्षात याच्या निम्मा मिळाला तरी खूप.

घरी ५० एमबीपीएसचा प्लॅन असेल आणि राउटरच्याच खोलीत बसत असाल तर एका अँटेनानेही भागतं, उगाच घाबरवत नाही. पण पोरं घरी बसतात कुठे? गाडगेनगरकडच्या कोणत्याही अभ्यासिकेत जाऊन पाहा. एका हॉलमध्ये साठ-सत्तर मुलं, प्रत्येकाचा मोबाइल, निम्म्यांचे लॅपटॉप, आणि भिंतीवर एक राउटर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. त्यावर शेजारच्या चार अभ्यासिकांचे राउटरही चाललेले. जुन्या वायफायमध्ये साधारणपणे राउटर एका वेळी एकाशीच बोलतो, बाकीचे रांगेत. वायफाय ६ त्याच फेरीत अनेकांना बसवून नेतं, आपल्या काळी-पिवळीसारखं. त्यासाठी राउटरही वायफाय ६ चाच लागतो, हे अभ्यासिकावाल्यांनी ऐकावं. आणि ज्याचं कार्ड हळू चालतं तो तीच फाइल उतरवायला जास्त वेळ हवा अडवून ठेवतो, म्हणजे त्याच्या स्वस्त कार्डाची शिक्षा शेजारच्यालाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असते त्या रात्री हे पुस्तकी राहत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरांची. अचलपूर, अकोटकडच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड. त्यातून ५ गिगाहर्ट्झ पलीकडे जाता जाता दम तोडतं, २.४ जातं. म्हणून कार्ड दोन्ही बँडचं पाहिजेच. (उन्हाळ्यात राउटरसमोर लोखंडी कूलर ठेवून "नेट स्लो आहे" म्हणणारेही भेटतात. पत्रा आणि ओल्या जाळ्या दोन्ही सिग्नल अडवतात, बावा.)

आता दुकानात 'वायफाय ६ई' नावाने जास्तीचे पैसे सांगतात. यातला 'ई' म्हणजे ६ गिगाहर्ट्झचा बँड. अमेरिकेने तो २०२० मध्येच परवान्याविना खुला केला. आपल्याकडे मोबाइल कंपन्यांना तो स्वतःसाठी हवा होता, त्या ओढाताणीत वर्षं गेली. याच कारणाने सोनीने २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो भारतात आणला नाही. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ खुला करण्याच्या नियमांचा मसुदा काढला. तसे राउटर घराघरात येईस्तोवर त्या 'ई'साठी वेगळे पैसे मोजू नका. आयतं आलं तर घ्या.

कार्ड बदलता येतं का, हेही विचारा. काही लॅपटॉपमध्ये ते स्क्रूने बसवलेलं असतं, काहींत बोर्डावरच डाग देऊन टाकलेलं. बदलायचं झालं तर इंटेलचं एएक्स२११ रायझनच्या मशीनमध्ये चालत नाही, एएक्स२१० चालतं. नावात एका आकड्याचा फरक आणि पैसे पाण्यात. खोलण्याआधी वॉरंटीचं विचारून घ्या.

सरकारी खरेदीतही हीच गत. निविदेत प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं तपशीलवार, आणि वायफायपुढे नुसतं 'हो'. तिथे 'वायफाय ६, २×२' एवढं लिहायला शाई किती लागते?

दुकानात डेमो मशीनवर डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावा, नेटवर्क अडॅप्टरखालचं नाव वाचा, फोटो काढा. पण त्याच नावाचा दुसरा मॉडेल नंबर असला तर कार्ड वेगळं निघू शकतं, तेव्हा खोक्यावरचा नंबर ताडून पाहा. तरी समजलं नाही तर तो नंबर मला पाठवा, पाहून सांगतो. फक्त रात्री अकरानंतर फोन नका करू.