बीजेचं पाणी

माल्टाला राहणाऱ्या भाचीचे समुद्रातले फोटो आले की हेवा वाटतो. निळंशार पाणी, पोहणाऱ्यांसाठी बोयांनी आखून दिलेला पट्टा, खडकाला लोखंडी शिडी. सकाळी उतरा की संध्याकाळी, पाणी जवळपास त्याच पायरीला. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी बेताचीच, आणि माल्टाला तर वीतभर.

आमच्याकडे उधाणाला चार मीटरच्या वर चढउतार. हे मला ऐकून ठाऊक होतं. बोरिवलीच्या तलावात वीस वर्षं पोहतोय, त्यामुळे अंगात थोडी मस्तीही होती.

फेब्रुवारीतला रविवार. चुलतभाऊ, त्याची मुलं आणि मी मालाडहून बस पकडून आक्सा बीचवर पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. सगळीकडे लाटा फुटत होत्या. मधेच एक गल्लीसारखा पट्टा मात्र शांत, फेससुद्धा नाही. मुलांना काठावर बसवून मी शहाण्यासारखा तोच निवडला.

पाणी छातीपर्यंत आलं आणि पायाखालची वाळू निघून गेली. किनाऱ्याकडे तोंड करून जोरात हात मारू लागलो. दहा हात, वीस हात. भेळवाल्याची छत्री लहान लहान होत चालली होती. घाबरलो म्हणण्यापेक्षा अपमान झाल्यासारखं वाटलं, असलं कसलं पोहणं! मग दम लागला आणि खरोखर घाबरलो.

शिट्टी ऐकू आली. जीवरक्षक पोरगा लाल फ्लोट घेऊन पाण्यात शिरत होता आणि हाताने आडवं, आडवं अशी खूण करत होता. किनाऱ्याकडे यायचं सोडून किनाऱ्याला समांतर पोहू लागलो. थोड्या अंतरावर ओढ सुटली. लाटा फुटत होत्या तिथे त्याच लाटांनी मला आत ढकललं. तोवर तो पोहोचलाच होता.

"काका, तलावात शिकलात ना?"

मी मान हलवली.

"आज बीज. दीडला पाणी भरलं, आता उतरतंय. लाटांनी आत आलेलं पाणी त्या खोलगट गल्लीतूनच परत जातं. खोल आहे म्हणून तिथे लाट फुटत नाही. लोकांना वाटतं, शांत आहे." वाळू सरकते, गल्लीही जागा बदलते, म्हणून आधी आम्हाला विचारा, म्हणाला.

मढच्या त्या पोराचा हिशेब साधा होता : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. बीज म्हणजे दीड, अष्टमी म्हणजे सहा. थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाज येतो. आमच्या घरी कालनिर्णय फक्त चतुर्थी बघायला लागायचं.

परवा भाचीचा फोन आला. "मामा, आज पोहायला जाणार का?"

म्हटलं, "एकादशी आहे. सव्वाआठला भरेल. सातला निघतो."

ती म्हणाली, "उपास आहे का तुझा?"