फुगलेलं दार

बाईंनी किल्ली दोनदा फिरवली, दाराला खांदा लावला आणि वैतागून काहीतरी बोलल्या. त्या सगळ्या पोर्तुगीजमधला एकच शब्द माझ्या कानात अडकला: 'शाव्ह'. म्हणजे चावी.

फेब्रुवारीतलं नाझारे. लिस्बनहून हायवेने दीड तासाचा रस्ता आम्ही दोघांनी किनाऱ्याकिनाऱ्याने दोन दिवस पुरवला होता. एरिसेइराच्या ज्या वाळूवरून 5 ऑक्टोबर 1910 ला पोर्तुगालचा शेवटचा राजा होडीत बसून कायमचा देशाबाहेर गेला, तिथे एक माणूस होडीला निळा रंग देत होता आणि एक कुत्रं त्याच्यावर देखरेख करत होतं. पेनिशला कॉफीच्या दुकानाबाहेर खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसवून साखळीने बांधलेल्या. तिथल्या किल्ल्यात हुकूमशहा सालाझारच्या काळात राजकीय कैदी ठेवत. 3 जानेवारी 1960 ला कम्युनिस्ट पुढारी आल्व्हारु कुन्याल आणि त्याचे साथीदार एक पहारेकरी फितवून, चादरींच्या दोराने तटाखाली उतरून पसार झाले. समुद्रकाठच्या गावातून पळायला जानेवारीच बरा. ऑगस्टात चादरींच्या खाली कोणीतरी छत्री रोवून पडलेलं असतं.

नाझारेत रस्त्याच्या कडेला 'खोल्या मिळतील' अशी पाटी मांडीवर घेऊन बायका बसतात. हंगाम नव्हता, तरी या बाई बसल्या होत्या. अंगावर काळी शाल, खाली परकरावर परकर. सात परकर ही तिथली जुनी रीत. मी मोजले नाहीत.

तर चावी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज हा शब्द घेऊन चौल-वसईला उतरले, तेव्हा त्यांच्याही तोंडी तो 'च'च होता. पुढे लिस्बनकडे त्याचा 'श' झाला. आपल्याकडे मात्र 'च' तसाच राहिला, एखाद्याने ठेवायला दिलेलं भांडं मालक विसरला तरी आपण घासूनपुसून वापरत राहावं तसा. आमच्या पुण्याच्या आजीला हे सांगायला हवं होतं. मुंबईची भावंडं 'चावी' म्हणाली की ती म्हणायची, "हिंदी कशाला? किल्ली म्हणा." चावी पोर्तुगीजांची, बिजागरीही त्यांचीच. दार फुगवणारी दमट हवा तेवढी दोघांची.

आणि फुगलेलं दार मी आधी पाहिलं होतं. गुहागरला, जुलैत. वडिलांच्या कचेरीत मे महिन्यातली रजा म्हणजे साहेबांचा मक्ता, आमच्या वाट्याला पावसाळा यायचा. त्यामुळे आंबा संपलेलं, होड्या वर ओढून झाकून ठेवलेलं कोकणच मला खरं कोकण वाटायचं. मे महिन्यातलं कोकण अजूनही मला पाहुण्यांसाठी इस्त्री केल्यासारखं वाटतं. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी पडवीला पावसाच्या बाजूने झाप लावले होते, त्यामुळे भर दुपारी आत कंदील. आमच्या खोलीचं दार पाणी पिऊन असं फुगलं होतं की चौकटीत बसेचना. वडिलांनी रेटलं, काकांनी रेटलं, शेवटी आतून पाटा टेकवला. रात्री फटीतून समुद्राचा आवाज आणि बेडकं दोन्ही यायचे, आणि एकदा तर एक खेकडा आला. आई शहरातली. तिने त्या कुलपाची चावी चार दिवस कनवटीला खोचून ठेवली. जे दार लागतच नव्हतं त्याची चावी ती आंघोळीला जाताना माझ्या हातात द्यायची आणि बाहेर आल्याबरोबर परत मागून घ्यायची.

जेवायला रोज कुळथाचं पिठलं, भात, तळलेली सांडगी मिरची, पोह्याचा पापड. ताजं असं पानात काहीच नाही. काकू बरण्या उघडत आणि उन्हाळा वाढत.

नाझारेच्या बाईंचं दार तिसऱ्या धक्क्याला उघडलं. सामान टाकून आम्ही वाळूत उतरलो. गावाच्या उत्तरेला, दीपगृहासमोर, 2020 च्या ऑक्टोबरात एक जर्मन सर्फर 26.21 मीटर उंच लाटेवरून उतरला होता. किनाऱ्याजवळच समुद्राच्या तळाशी खोल दरी आहे, तिच्यामुळे हिवाळ्यात तिथे लाटा अशा उठतात. त्या दिवशी मात्र समुद्र पाटावर बसवलेल्या मुंजमुलासारखा गप्प होता. मला बरंच वाटलं. विक्रमांकडे मान वर करून बघावं लागतं, आणि मला वाळूत खाली बघत चालायला आवडतं.

खाली बघत चालताना आधी वास आला. मग लाकडी चौकटींवर ताणलेल्या जाळ्या दिसल्या आणि त्यांवर पोट चिरून, पुस्तकासारखे उघडून ठेवलेले मासे: सार्डिन आणि बांगड्याच्या तोंडवळ्याचे कारापाऊ. मीठपाण्यातून काढायचे, मग ऊन देईल तितके दिवस उन्हात. बाजूला खुर्ची टाकून एक म्हातारी समुद्रपक्षी हाकत होती. वाळवण. गच्चीवर कावळे हाकत बसण्यात माझ्या कितीतरी सुट्ट्या गेल्यात, त्यामुळे मी नकळत खाली वाकलो आणि एक मासा उलटवायला हात पुढे केला.

तिने हातावर चापट मारली. वरची बाजू अजून व्हायची होती.