अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची एक ठरलेली चाल आहे. आधी अंधार, मग प्रभूची भेट, मग लख्ख उजेड आणि बाकांवरून ‘आमेन’. पाच-सात मिनिटांत माणूस खडखडीत बरा होतो. अशा साक्षी खोट्या असतात असं मी म्हणणार नाही. काहींचं तसं होतही असेल. माझं झालं नाही.

वडील उपासनेत तबला वाजवायचे. हात फार गोड होता. नाताळच्या आधी गाणारी पोरं अहमदनगरात घरोघर फिरायची, तेव्हा त्यांच्याशिवाय कुणाचं पान हलायचं नाही. घरी मात्र आम्ही त्यांच्या लुनाच्या स्टँडकडे कान लावून असायचो. स्टँड एका झटक्यात लागला तर रात्र निभावली. दोन-तीनदा घसरला, की आई गॅस बंद करायची, लाटणं डब्यांमागे लपवायची आणि मी धाकट्याला घेऊन पलंगाखाली शिरायची. रविवारी सकाळी आई भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं ब्लाऊज घालून चर्चमध्ये हजर.

तेव्हाच्या पाळकांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी आईपुढे मत्तयाचा अठरावा अध्याय उघडला. भावाला किती वेळा क्षमा करू, असं पेत्र विचारतो तो भाग. आई क्षमा करत राहिली. मी देवाशी अबोला धरला. वडिलांच्या तबल्यावर ज्याची भजनं चालतात, तो देव वडिलांच्याच बाजूचा असणार, असा माझा साधा हिशेब होता.

बारावीनंतर आईने मला केडगावला मावशीकडे धाडलं. ती मुक्ती मिशनच्या आवारात कामाला होती. पंडिता रमाबाईंनी उभी केलेली ही जागा. त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीत गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, आणि १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमाही त्यांच्याआधी गेली. तरी त्या अखेरपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. मला तिथे आवडलं ते हे, की तू इथे का आलीस, असं कुणी खोदून विचारत नसे.

मावशी उपदेश करणाऱ्यांतली नव्हती. एका दुपारी शेंगा फोडता फोडता म्हणाली, “अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच गं, मोठ्यानं.”

दीडशे स्तोत्रांत तक्रारी पुष्कळ आहेत, पण बहुतेक ठिकाणी शेवटाकडे सूर पालटतो आणि स्तुती येते. इथे तो पालटतच नाही. रात्रंदिवस हाका मारणारा माणूस देवालाच जाब विचारतो, तू तोंड का लपवतोस, माझी माणसं तू तोडलीस, आणि स्तोत्र अंधारात संपतं. छापायचं काही राहिलं की काय म्हणून मी पान उलटून पाहिलं. तिथे एकोणनव्वदावं सुरू झालं होतं.

“हे बायबलमध्ये चालतं?”

“चालतं म्हणजे? कोरहाच्या वंशातल्या गवयांचं आहे ते. मंदिरात गायचे.” मावशीने शेंगांचं सूप झटकलं.

त्या रात्री मी जे केलं त्याला प्रार्थना म्हणायचं की भांडण, ते ठरवणं अवघड आहे. अबोला सुटला एवढं खरं. पुढे पुण्यात समुपदेशकाकडेही गेले. प्रार्थना करतेस मग तिकडे कशाला, असं मंडळीतल्या एकदोघांनी विचारलं. मावशीच फणकारली, “तापात गोळी घेता ना?”

मत्तयाचा तो अध्याय मी बऱ्याच वर्षांनी सलग वाचला. पेत्राच्या प्रश्नाच्या थोडं आधी येशू सांगतो की भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि त्याला तो दाखव; नाही ऐकलं तर एक-दोन जणांना सोबत ने; तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आईला हे कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

मी मामा आणि मावशीला सोबत घेऊन वडिलांपुढे बसले. यकृताने दगा दिल्यावर त्यांची दारू सुटली होती. मी एकेक रात्र सांगितली. ते म्हणाले, “मला आठवत नाही.” मग बऱ्याच वेळाने म्हणाले, “पण तू खोटं बोलणार नाहीस.” क्षमा त्या दिवशी झाली नाही. पुढे इस्पितळात खाटेच्या दांडीवर त्यांची बोटं केरवा धरायची; एकदा मी त्यावर गुणगुणत होते आणि पोटात गोळा आला नव्हता, हे घरी बसने परतताना ध्यानात आलं. तरीही माझ्या मुलांना मी त्यांच्याजवळ एकटं कधी ठेवलं नाही. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही.

आता गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थनासभेनंतर कुणीतरी चपला शोधत मागे रेंगाळतं आणि म्हणतं, “ताई, क्षमा करायला जमत नाही हो.” तेव्हा मी आधी विचारते, आज रात्री घरी जायला भीती वाटते का? वाटत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, १८१ हा नंबर, हे सगळं सांगते. क्षमेचं मग बघू. नव्या पाळकांना सुरुवातीला हे रुचलं नव्हतं. हल्ली काही बायकांना तेच माझ्याकडे पाठवतात.